कोपर सरळ आहे, लक्ष कुठंय?

‘भावा, आज तुझं कोपर काय सरळ जातंय! काही वेगळं करतोयस का?’

ऐकायला किती गोड वाटतं. समोरचा आपलं कौतुक करतोय, आणि तेही स्वतः हरत असताना. तुम्ही हसता, ‘नाही रे, नेहमीचंच’ म्हणता, टेबलावर वाकता. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुम्हाला स्वतःचं कोपर जाणवायला लागतं. खरंच सरळ आहे का? काल कसं होतं? मनगट जरा जास्त घट्ट धरलंय का? एरवी डोळे मिटून गेला असता असा बॉल पॉकेटच्या तोंडाशी थडथडतो आणि बाहेर येतो. कौतुक करणारा शांतपणे खुर्चीतून उठतो, स्टिकला चॉक लावतो. त्याचं काम झालेलं असतं.

पूलच्या जगात याला ‘शार्किंग’ म्हणतात. प्रकार पुष्कळ. तुम्ही नेम धरताय त्याच रेषेत, समोरच्या पॉकेटमागे येऊन उभं राहायचं. तुम्ही वाकलात की ग्लासातला बर्फ हलवायचा. तुम्ही लागोपाठ तीन-चार बॉल टाकलेत की नेमकं तेव्हाच वॉशरूमला जायचं आणि दहा मिनिटं यायचंच नाही. सोपा बॉल चुकला की ‘अरेरे, बॅड लक’ असं इतक्या कळवळ्यानं म्हणायचं की चुकण्यापेक्षा ते जास्त झोंबावं. यातल्या एकाही गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. विचारलंत तर उत्तर तयार असतं, ‘अरे, मी काय केलं?’

या सगळ्याला ‘गेम्समनशिप’ हे नाव मिळवून दिलं स्टीफन पॉटर या ब्रिटिश विनोदी लेखकानं. १९४७ साली त्यानं या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं. थट्टेचंच, पण गंभीर चेहऱ्यानं लिहिलेलं. प्रत्यक्ष फसवणूक न करता खेळ जिंकायची कला, असं त्यानं तिचं वर्णन केलं होतं. आपल्याकडे ही कला शिकायला पुस्तक लागत नाही. चाळीच्या गॅलरीत कॅरम खेळलेल्या कुणालाही विचारा. क्वीन घेऊन कव्हर घ्यायची वेळ आली की समोरच्याला हमखास खोकला येतो, नाहीतर बोर्डावर पावडर कमी पडल्याचं आठवतं. यष्टींमागून चाललेली बडबड हा तर आपल्याकडे क्रिकेटचाच भाग मानला जातो. मग पूलमध्येच याचा एवढा बाऊ का?

कारण पूलमध्ये खुर्ची आहे.

टेनिसमध्ये समोरून आलेला बॉल तुम्हाला परतवता येतो. क्रिकेटमध्ये गोलंदाज तुम्हाला काहीतरी टाकतो, तेव्हा तुम्ही खेळता. पूलमध्ये समोरचा टेबलावर असताना तुमच्या हातात काहीही नसतं. तो चुकला नाही, तर अख्खी रॅक तुम्ही बसून बघायची. पुढची रॅक फोडायचा मानही जिंकणाऱ्याला असेल, तर त्या पुढचीही. तयारीचा खेळाडू एकदा लयीत आला की पंधरा-वीस मिनिटं खुर्चीतून उठायची पाळीच येत नाही. माणसाला सगळ्यात जास्त काय छळतं, तर असं हात बांधून बसणं. मग तो जमेल तिथून खेळात शिरायचा प्रयत्न करतो. बर्फ हलवतो, खोकतो, कौतुक करतो. शार्किंग करणारा प्रत्येक जण कपटीच असतो असं मला वाटत नाही. पुष्कळदा तो घाबरलेला असतो, आणि रिकामा असतो.

हे सगळ्यात भारी दाखवलंय १९६१ च्या ‘द हसलर’ या सिनेमानं. पॉल न्यूमनचा तरुण एडी तासन्‌तास जिंकत असतो, दारू पीत असतो, हसत असतो. समोर मिनेसोटा फॅट्स. तो एका क्षणी उठतो, हात-तोंड धुतो, केस विंचरतो, हाताला पावडर लावतो, कोट चढवतो आणि नुकताच खेळायला आल्यासारखा टेबलापाशी उभा राहतो. एडी त्याच्याकडे बघून हसतो, पण तिथंच सामना फिरतो. फॅट्सनं नियमाला धक्का लावलेला नसतो. ‘तू दमलायस, मी नाही,’ एवढंच त्यानं दाखवलेलं असतं. अजून पाहिला नसेल तर या वीकेंडला बघून टाका. ब्लॅक अँड व्हाइट आहे म्हणून नाक मुरडू नका.

या सिनेमाची गंमत पडद्याबाहेरही चालू राहिली. रुडॉल्फ वॉन्डरोन नावाच्या एका बोलघेवड्या खेळाडूनं ‘तो फॅट्स म्हणजे मीच’ असं जाहीर करून टाकलं आणि ते नाव कायमचं लावलं. मूळ कादंबरीचा लेखक वॉल्टर टेव्हिस ‘नाही हो, ते पात्र काल्पनिक आहे’ असं सांगत राहिला, पण ऐकतो कोण! याच सिनेमाचा तांत्रिक सल्लागार होता विली मॉस्कोनी. १९४१ ते १९५७ या काळात १५ वेळा जगज्जेता झालेला, १९५४ मध्ये एकही न चुकता सलग ५२६ बॉल टाकणारा. कडक शिस्तीचा, सूटबूट घालून खेळणारा माणूस. वॉन्डरोनची बडबड त्याला डोळ्यांसमोर नकोशी व्हायची.

१९७८ मध्ये अमेरिकी टीव्हीनं या दोघांना समोरासमोर आणलं. दोघांनीही साठी ओलांडलेली. फॅट्सचं तोंड अखंड चालू. किस्से, टोमणे, प्रेक्षकांशी गप्पा. लोक खूश. मॉस्कोनी आतून धुमसत होता, पण टेबलावर वाकला की बॉल पॉकेटमध्ये जात होते. सामना मॉस्कोनीनं आरामात जिंकला. शार्किंगला मुळात मर्यादा असते, ती इथं दिसते. हातात खेळ नसेल तर नुसतं तोंड फार काळ पुरत नाही. पण दुसरी बाजूही बघा. प्रेक्षकांना आवडला तो फॅट्सच. आपणही तेच करतो. गुपचूप खेळून जिंकणाऱ्याला ‘चांगला आहे’ म्हणतो, आणि समोरच्याला बोलून बोलून हैराण करणाऱ्याचे रील्स बनवतो, वर ‘माइंड गेम’ असं कॅप्शन टाकतो.

आता जरा डोक्याच्या आत काय होतं ते बघू, कारण कोपराच्या कौतुकामागे चक्क विज्ञान आहे. मानसशास्त्रज्ञ सियान बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात गोल्फ खेळणाऱ्यांवर प्रयोग केले. मुरलेल्या खेळाडूंना पटिंग करताना दुसरंच काहीतरी काम दिलं, तर त्यांचा खेळ फारसा बिघडला नाही. पण ‘स्वतःच्या फटक्याकडे नीट लक्ष द्या’ म्हटलं, की बिघडला. नवशिक्यांचं उलट, त्यांना तसं लक्ष देण्याचा फायदाच झाला. हजारो वेळा करून अंगात भिनलेली हालचाल तपासायला घेतली की ती अडखळते. जिना भराभर उतरताना ‘आता कुठला पाय?’ असा विचार मनात येऊ द्या, म्हणजे कळेल. म्हणूनच गोड बोलणारा शार्क आरडाओरडा करणाऱ्यापेक्षा धोकादायक असतो. आवाज काय, कानावर आदळतो आणि जातो. कौतुक आत जाऊन बसतं.

दुसरी गोष्ट नजरेची. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी ‘क्वाएट आय’ ही कल्पना मांडली. फटका मारण्याआधी नजर एका जागी शेवटची स्थिरावते तो काळ म्हणजे क्वाएट आय. पुढे २००२ मध्ये मार्क विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी हे थेट बिलियर्ड्सच्या टेबलावर तपासलं. तयारीच्या खेळाडूंची नजर कच्च्या खेळाडूंपेक्षा जास्त वेळ स्थिर राहायची, आणि बॉल गेला त्या फटक्यांत चुकलेल्या फटक्यांपेक्षा जास्त. म्हणजे ‘फोकस कर, फोकस कर’ असं जे आपल्याला सगळे सांगत असतात, ते पूलमध्ये काही गूढ वगैरे नाही. डोळ्यांची ती शेवटची स्थिरता आहे. पॉकेटमागे उभा राहून वजन या पायावरून त्या पायावर टाकणारा माणूस तुमच्याकडून नेमकी तीच चोरत असतो.

चोरत असतो, हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. कारण ‘दडपण आणणं हा खेळाचाच भाग आहे’ या वाक्याखाली सगळंच खपवलं जातं. दडपण खेळाचा भाग आहेच, वाद नाही. पण ते कुठून येतं हे बघायला हवं. समोरच्यानं सेफ्टी खेळून व्हाइट बॉल दोन बॉलच्या मागे असा काही लपवला की तुम्हाला नाइन-बॉलमध्ये हवा तो बॉल दिसूच नये, तर ते दडपण टेबलावरून आलंय. त्याला दाद द्या. आणि त्याचं उत्तरही टेबलावरच मिळतं. फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस १९९५ मध्ये अमेरिकेतल्या रेनो इथं अर्ल स्ट्रिकलंडविरुद्ध असाच अडकला होता. त्यानं व्हाइट बॉल दोन कुशनवर आपटून झेड आकारात फिरवला आणि अडलेला बॉल टाकला. लोक अजून त्या फटक्याबद्दल बोलतात. बर्फ हलवण्याला मात्र टेबलावर उत्तर नसतं. टेबलावरून येतं ते दडपण, टेबलाबाहेरून येते ती लुडबूड. माझ्या लेखी रेषा एवढीच आहे.

(रेयेस म्हणजे संत नव्हे बरं का. १९८५ मध्ये तो ह्यूस्टनमध्ये सीझर मोरालेस हे दुसरंच नाव लावून खेळला आणि स्पर्धा जिंकून गेला. ओळखलं असतं तर त्याच्याशी पैसे लावून खेळायला कोण उभं राहिलं असतं?)

रेषा मात्र दर वेळी इतकी स्वच्छ नसते. स्नूकरमधलं उदाहरण घ्या. २००५ ची जागतिक स्पर्धा, शेफील्ड, उपांत्यपूर्व फेरी. झपाट्यानं खेळण्यासाठी प्रसिद्ध असलेला रॉनी ओसलिव्हन ८-२ असा पुढे. समोर पीटर एबडन. एबडन इतका संथ झाला की अवघ्या १२ गुणांच्या एका ब्रेकला त्यानं पाच मिनिटांहून जास्त वेळ लावला. याच ओसलिव्हननं १९९७ मध्ये त्याच सभागृहात पूर्ण १४७ चा ब्रेक साधारण तेवढ्याच वेळात केला होता! खुर्चीत बसून त्याचा जीव कासावीस झाला, आणि सामना एबडननं १३-११ असा काढला. ही चलाखी होती का? की हरत आलेला माणूस प्रत्येक फटक्याला जीव लावून खेळत होता? चाहते आजही भांडतात. मला विचाराल तर एबडनला दोष देता येत नाही. वेळेची मर्यादा नसेल तर वेळ घेणं गुन्हा कसा? पण म्हणूनच मर्यादा हवी. पूलच्या मॉस्कोनी कपमध्ये फटक्याला ३० सेकंद मिळतात. हेतू काय होता, या वादातच पडावं लागत नाही.

हा मॉस्कोनी कप भारी प्रकार आहे. १९९४ पासून युरोप विरुद्ध अमेरिका. प्रेक्षक फुटबॉलच्या मैदानात आल्यासारखे ओरडतात, गाणी म्हणतात, चुकल्यावर हुर्यो उडवतात. आणि तिथंही मोठमोठे खेळाडू अशक्य वाटणारे बॉल टाकतात. म्हणजे आवाज हा काही खरा शत्रू नाही. सगळीकडूनच आवाज येत असेल तर मन त्याची सवय करून घेतं. शांततेत नेमक्या वेळी वाजलेली एक चमच्याची किणकिण मात्र जाते ती थेट हातात.

अर्थात प्रत्येकाला सवय होतेच असं नाही. तीन वेळा जागतिक नाइन-बॉल विजेता ठरलेला स्ट्रिकलंड हा पूलमधल्या अफाट गुणवत्तेच्या खेळाडूंपैकी एक. पण प्रेक्षकांतल्या कुणी काही बोललं की हा टेबल सोडून त्याच्याशी वाद घालायला उभा. नंतर नंतर तर तो कान झाकणारे मफ लावून खेळताना दिसायचा. १९९६ मध्ये हाँगकाँगला त्याची रेयेसशी लढत झाली. जो आधी १२० रॅक जिंकेल त्याला एक लाख डॉलर. तीन दिवस चालला हा सामना. बराच मागे पडलेला रेयेस १२०-११७ नं जिंकला. बॉल चुकला तरी डोकं खाजवून ओशाळं हसायचं, आणि गपचूप जाऊन खुर्चीत बसायचं, ही रेयेसची पद्धत.

स्ट्रिकलंडची गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण शार्किंगचं खरं नुकसान तिच्यात दिसतं. एका खोकल्यानं एक बॉल जातो, ठीक आहे. पण ‘हा मुद्दाम खोकला का?’ हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की पुढचे दहा बॉल जातात. मग समोरच्यानं काही करायचीही गरज उरत नाही. तो नुसता नाक पुसेल, आणि तुम्हाला त्यात डाव दिसेल.

अमेरिकेचा शेन व्हॅन बोएनिंग २०२२ चा जागतिक नाइन-बॉल विजेता. त्याला जन्मापासून कमी ऐकू येतं, तो श्रवणयंत्र वापरतो. खेळताना नको असेल तेव्हा ते बंद करता येतं! आपल्या कानांना असं बटण नाही. मग आपण काय करायचं?

एक गोष्ट नक्की करता येते. उठायचं. वाकल्यावर काहीही खटकलं, आवाज, हालचाल, स्वतःच्याच मनातलं कोपर, तर आहे तिथून नेम ‘सुधारत’ बसायचं नाही. सरळ उभं राहायचं, चॉक लावायचा, फटका पुन्हा ठरवायचा आणि मग वाकायचं. बहुतेक जण उठत नाहीत, कारण लाज वाटते. ‘घाबरला वाटतं’ असं कुणी म्हणेल, याची. फटका कुठला खेळायचा हे उभ्यानं ठरवायचं आणि वाकल्यावर फक्त खेळायचं, एवढं जरी पाळलंत तरी बाहेरच्या माणसाला आत शिरायला फट कमी राहते. खुर्चीत असताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता टेबलाकडे बघा. आपण असतो तर कुठला बॉल घेतला असता, हे मनात खेळत राहा. रिकामेपणावर याहून चांगला उपाय मला माहीत नाही. आणि कुणी रेषेत उभं असेल तर सांगा. आवाज न चढवता, एकदाच. ‘दादा, जरा बाजूला होता का?’ यात कसला आलाय कमीपणा?

पण सगळा भार खेळणाऱ्याच्या डोक्यावर टाकून मोकळं होणं मला मान्य नाही. ‘मेंटली स्ट्राँग हो’ हा सल्ला फुकट आहे, म्हणून सगळे देतात. हा सल्ला सगळ्यात जास्त कुणाला ऐकावा लागतो? पूल पार्लरमध्ये खेळायला येणाऱ्या मुलींना. मुलगी टेबलावर वाकली की मागच्या टेबलावरचं बोलणं एकदम थांबतं, कुणीतरी हळूच हसतं, कुणी न विचारता ‘ग्रिप अशी नाही, अशी’ म्हणून शिकवायला पुढे येतं. ती चुकली की ‘प्रेशर घेतलं’ म्हणतात. टाकला की ‘फ्लूक’. एखाद्या मुलाला सामन्यात दोन वेळा सहन करावं लागतं, ते तिला प्रत्येक फटक्याला. तिची नजर स्थिर कशी राहावी? वर याला कुणी शार्किंगही म्हणत नाही, कारण करणारा बहुतेकदा प्रतिस्पर्धी नसतो, नुसता बघ्या असतो.

जागतिक पूल संघटनेच्या नियमांत खिलाडूवृत्तीला न शोभणाऱ्या वर्तनाची यादी आहे. प्रतिस्पर्ध्याचं लक्ष विचलित करणं आणि खेळ लांबवणं हे दोन्ही तिच्यात सरळ लिहिलेलं आहे, आणि त्याला शिक्षा देण्याचा अधिकार पंचाला आहे. आपल्या कॉलेज फेस्टच्या किंवा पार्लरच्या स्पर्धेत अडचण अशी की पहिल्या फेऱ्यांना पंचच नसतो, दोघांनीच आपापसांत बघायचं असतं. मग आयोजकांनी निदान इतकं तरी करावं. बसलेल्या खेळाडूची खुर्ची ठरलेली, नेमाच्या रेषेपासून दूर. बघणारे टेबलापासून चार पावलं मागे. ब्रेकला जायचं ते रॅक संपल्यावर. फटक्याला वेळ, त्यासाठी कुणाच्याही मोबाइलचं टायमर पुरतं. आणि पहिल्या सामन्याआधी हे सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवावं, बघ्यांसकट.

नाइन-बॉलमधला एक नियम तर प्रत्येकानं पाठ करावा. सलग तीन फाउल झाले की रॅक गेली. पण दुसरा फाउल झाल्यावर ‘तुझे दोन झालेत’ असं समोरच्याला सांगावं लागतं. पंच असेल तर तो सांगतो, नसेल तर तुम्ही सांगायचं. विसरला असेल, गप्प राहू, तिसरा करू दे, असा विचार करून तोंड मिटून बसलात, तर त्याचा तिसरा फाउलही दुसराच धरला जातो.